हलव्याचा काटा

एकदा एका व्यापाऱ्यावर आपल्याच घराच्या दारात परक्यासारखे उभे राहण्याची वेळ आली. समुद्रापलीकडच्या एका बंदरात त्याचा मसाल्याचा व्यापार होता आणि वर्षाकाठी एकदाच त्याला गावी येता येई. त्याची मुलगी चारू अडीच वर्षांची होती. रोज संध्याकाळी ती फोनवर त्याच्याशी बोबडे बोले आणि काचेवर ओठ टेकवून त्याचा पापा घेई. त्या पाप्याच्या आधारावर हा गृहस्थ तिकडे दिवस काढत होता. या खेपेला संक्रांतीच्या तोंडावर तो घरी आला, पेटी खाली ठेवून त्याने दोन्ही हात पसरले, तर पोर आईच्या मागे दडली.

"अगं, बाबा आलेत," तिची आई वृंदा म्हणाली.

चारूने त्याच्याकडे एकदा नीट पाहिले आणि आईच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवले. तिचे बाबा तिथे राहत होते. व्यापारी हसला आणि पसरलेले हात त्याने खाली घेतले.

यावरचा उपाय मात्र तो पेटीतच घेऊन आला होता. टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेमचा कन्सोल, सोबत हातात धरायचे दोन कंट्रोलर. तसलाच दुसरा त्याने तिकडच्या आपल्या खोलीत ठेवला होता. रोज संध्याकाळी लेक इथून खेळेल, आपण तिथून खेळू, पडद्यावर दोघे मिळून गाड्या पळवू. चारूच्या बोरन्हाणाला, सगळ्या आळीसमोर, ही भेट द्यायची असे त्याने मनाशी ठरवले होते. तिची आधीची बोरन्हाणे त्याने फोनवरच पाहिली होती. त्या वेळी कोणीतरी फोन चुकून उलटा धरला होता, आणि त्याला बराच वेळ नुसते छत दिसत राहिले होते.

वृंदाने खोके पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"अहो, ती अजून घास गालात धरून बसते. हिला काय कळणार यातलं?"

"कळेल हळूहळू. माझ्या भागीदाराची मुलं दिवसभर खेळतात."

"ती मुलं शाळेत जाणारी आहेत. माझं तुम्ही ऐकणार नाहीच. गुरुजींना तरी विचारा."

व्यापारी एका पायावर तयार झाला. गुरुजी त्याला लहानपणी शिकवायला होते. आता पिकले पान झाले होते, तरी नव्या गोष्टींचे त्यांना भारी कौतुक. गावात पहिला संगणक आला तेव्हा खुर्ची ओढून समोर बसलेले तेच. ते आपलीच बाजू घेणार याची त्याला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघे गुरुजींच्या घरी गेले. गुरुजी ओटीवर शेगडीपुढे बसले होते. निखाऱ्यांवर पितळी परात होती, परातीत तीळ, बाजूला वाटीत साखरेचा पाक. चमचाभर पाक तिळांवर सोडायचा, बोटांनी तीळ फिरवत राहायचे, ते कोरडे झाले की पुन्हा चमचाभर. असे करता करता एकेका तिळावर साखरेचा पांढरा काटा उभा राहतो. या हलव्याचे दागिने घालून आळीतल्या पोरांची बोरन्हाणे होत. पूर्वी हे काम गुरुजींच्या पत्नीचे होते. ती गेल्यावर गुरुजी स्वतः परातीपुढे बसले. पहिल्या वर्षी आळीतल्या बायका पदराआड हसल्या होत्या. पुढे त्याच बायका पाक कितपत शिजवायचा हे विचारायला येऊ लागल्या.

चारू आईच्या कडेवरून उतरली आणि परातीजवळ जाऊन बसली. तिला तीळ फिरताना पाहायचे होते. बाप तिच्या शेजारी बसायला गेला तशी ती सरकून गुरुजींच्या गुडघ्याला टेकली. व्यापाऱ्याने ते पाहिले न पाहिलेसे केले आणि आपला प्रश्न मांडला. कन्सोल कसा आहे, त्यात चित्रे कशी जिवंत वाटतात, अंतर असूनही दोघांना कसे खेळता येते, सगळे सांगितले. गुरुजींनी मान हलवत ऐकले. खेळ कसा चालतो याविषयी दोन प्रश्नही विचारले. मग म्हणाले, "किती मुक्काम आहे तुझा?"

"संक्रांत झाली की निघायचं."

"थोडा वेळ आहे म्हणायचा," असे म्हणून गुरुजींनी पाकाची वाटी उचलली आणि सगळा पाक एकदम परातीत ओतला.

परात चरचरली. तीळ पाकात बुडाले. जे काटे आले होते ते डोळ्यांदेखत विरघळले आणि बघता बघता परातीत एक चिकट गोळा उरला. चारूने आधी गोळ्याकडे, मग गुरुजींकडे पाहिले. तिचा खालचा ओठ बाहेर आला.

"गुरुजी, हे काय केलंत?" व्यापारी कळवळून म्हणाला. "इतक्या मेहनतीचा हलवा."

"वेळ थोडा होता ना. म्हटलं, आहे नाही ती सगळी गोडी एकदम देऊन टाकावी."

मग गुरुजी शांतपणे बोलू लागले.

"साखर चांगली होती. तीळही चांगले होते. पण तीळ केवढासा, त्याने एका वेळी किती पेलावं? तुझ्या त्या खेळाला मी नावं ठेवत नाही. चारू सात-आठ वर्षांची होऊ दे, मग आण. मीसुद्धा खेळायला येईन. आज तिला हाताने धरायचं आहे, तोंडात घालून पाहायचं आहे, वाळूत बसायचं आहे, कोणाच्या तरी गुडघ्याला टेकायचं आहे. पडद्यावरची गाडी पळेल आणि हिचे हातपाय जागच्या जागी राहतील. आणि मला सांग, हे खोकं तू नक्की कोणासाठी आणलंस?"

"चारूसाठीच," व्यापारी म्हणाला. मग त्याने चारूकडे पाहिले. "गुरुजी, ती मला ओळखत नाही. वर्षभर मी या दाराची वाट पाहतो आणि ती मला फोनात शोधते. मी तिकडून तिला दुसरं काय देऊ?"

गुरुजींनी परात शेगडीवरून उतरवली.

"ही गेल्यापासून मी परातीपुढे बसतो ते काय हलव्यासाठी? तिची बोटं इथे फिरायची, तिथे माझी फिरतात, तेवढाच सहवास. ओढ काही संपत नाही बाबा. तुझीही संपणार नाही. पण ती तुझी ओढ आहे. तिचं ओझं त्या पोरीच्या हातात देऊ नकोस. तिला चमचा चमचा दे, आणि देताना तुझा हात तिथे असू दे. उद्यापासून सकाळी ये. तिचे दागिने तूच कर. हात पोळतील, सांगून ठेवतो."

व्यापारी दुसऱ्या दिवसापासून परातीपुढे बसला. मिरीचा नुसता वास घेऊन भाव सांगणारा हा माणूस, पण तिळांपुढे त्याचे काही चालेना. कधी पाक जास्त पडे, कधी निखारे भडकत. गुरुजी मागे बसून त्याची थट्टा करत. चारू आधी आईच्या मांडीवरून पाहत होती. मग परातीच्या पलीकडच्या काठाशी आली. मग एका सकाळी तिने हात पुढे केला आणि म्हणाली, "मी."

त्याने चमचा तिच्या मुठीत दिला आणि मुठीभोवती आपला हात धरला. दोघांनी मिळून पाक सोडला. तीळ फिरवता फिरवता त्याचे बोट परातीला टेकले आणि तो 'स्स' करून मागे सरला. चारूने चमचा टाकला. त्याचे बोट आपल्या दोन्ही हातांत धरले, तोंडाजवळ नेले आणि आई तिला लागल्यावर करते तशी फुंकर घातली. मग त्याच्या तोंडाकडे पाहून विचारले, "बाबा, दुकतं?"

व्यापाऱ्याने बोट तिच्या हातांतच राहू दिले. वृंदाने तोंड दुसरीकडे फिरवले आणि गुरुजी उगाचच निखारे सारखे करू लागले.

बोरन्हाण झाले. चारूच्या गळ्यातली माळ जरा वाकडी होती, हलव्याला काटाही कुठे होता, कुठे नव्हता. डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओघळले आणि आळीतली पोरे त्यांवर तुटून पडली. चारू मात्र वाकून आपल्याच माळेतले दाणे चाटत बसली. कन्सोलचे खोके वृंदाने कपाटावर ठेवून दिले. त्याला अजून अवकाश होता.

मग निघायचा दिवस आला आणि व्यापारी निघून गेला. या गोष्टीला इलाज नव्हता. गुरुजींनीही तो काही सांगितला नव्हता.

तिकडे पोहोचल्यावर संध्याकाळी त्याने फोन लावला. चारू पडद्यावर आली. या वेळी तिने काचेवर ओठ टेकवले नाहीत. ती इकडे तिकडे काहीतरी शोधत होती.

"बाबा, बोट कुठे?"

त्याने बोट वर धरले. तिने गाल फुगवून फुंकर घातली, तशी तिच्या बाजूची काच धुरकटली आणि तिचा चेहरा थोडा वेळ दिसेनासा झाला. तो निवळेपर्यंत व्यापारी बोट तसेच धरून बसला.

"दुकतं?" तिकडून प्रश्न आला.

बोट केव्हाच बरे झाले होते. त्यावर खूणसुद्धा उरली नव्हती.

"हो गं," तो म्हणाला, "अजून थोडं दुखतं."