डिकीतला दिवा

"मग बॅटरी कोण पितंय, सिद्राम?"

अमीनउस्तादांनी मला तिसऱ्यांदा विचारलं.

बार्शीला, स्टँडमागं, चिंचेखाली त्यांचं गॅरेज होतं. आता ती चिंचही नाही आणि उस्तादही नाहीत. मोटारीच्या वायरिंगचं मला जे काही येतं ते त्या सावलीतलं. नऊ वर्षं.

त्या दिवशी उंबरजे वकिलांची पांढरी गाडी उभी होती. शनिवारी नीट लावलेली गाडी सोमवारी ढिम्म. बॅटरी नवीकोरी, तरी उतरलेली.

आणि माझ्या खिशात एक किल्ली होती. कुर्डुवाडीला मी स्वतःचं दुकान भाड्यानं घेतलं होतं. महिना झाला होता. उस्तादांची नजर मंदावलेली, मी गेलो तर बारीक वायरी कोण बघणार? सांगायला जीभ रेटत नव्हती.

"सगळं तपासलं, उस्ताद. बॅटरी चार्ज केली, तिची तार सोडून मधी बल्ब लावला. गाडी बंद, तरी बल्ब पेटतो. मग एकेक फ्यूज काढला. हा काढला की विझतो."

"ह्या फ्यूजवर काय काय आहे?"

"घड्याळ, आतला दिवा, डिकीतला दिवा. घड्याळ सोडवलं, आतला दिवा काढला... तरी तेच."

"आणि डिकी?"

मला हसू आलं. "डिकी लावली की तो दिवा आपोआप विझतो, उस्ताद. शेंबडं पोरगंही सांगेल."

"विझताना कुणी बघितलाय?"

उस्तादांनी फ्यूज बसवला. बॅटरीची तार जोडली. सावकाश जाऊन डिकी उघडली, स्टेपनी बाहेर काढून ठेवली.

"चढ."

"मी?"

"मग काय वकीलसाहेबांना बसवू?"

गुडघे पोटाशी घेऊन आत शिरलो. वरून झाकण पडलं.

दिवा विझला नाही.

एवढासा पिवळा दिवा. बघायला कुणी नाही, तरी आपला जळतोय...

"उस्ताद, चालूच आहे!" मी आतून ओरडलो.

"बस जरा. चहा घेतलाय."

बसलो. दुसरं काय करणार? बाहेर उस्तादांचे चहाचे भुरके ऐकू येत होते. खिशातली किल्ली काढली आणि त्या उजेडात बघत राहिलो. किती वेळ, कोण जाणे.

झाकण उघडलं तेव्हा किल्ली लपवायचं भान राहिलं नाही.

उस्तादांनी दिव्याकडे बघितलं. मग किल्लीकडे बघितलं.

तापलेला दिवा फडक्यानं धरून त्यांनी अलगद काढला.

"झाकणाचा खटका अडकलाय," मी पुटपुटलो. "बदलतो."

"बदल."

मला हात देऊन त्यांनी बाहेर काढलं. तो हात अजून आठवतो. ग्रीसनं काळा, बॅटरीच्या पाण्यानं भेगाळलेला.

"उस्ताद, मी... तुम्हाला..."

त्यांनी माझी बोटं धरली आणि एकेक करून किल्लीवर मिटवली.

"महिनाभर बघतोय... जळतोयस. जा, उघड."