वाढलेली बांगडी

“वाढली? कुठं आहे ती वाढलेली बांगडी? दाखव!”

हैबतराजे असे गरजले, की रखमाजी कासाराच्या हातातली बांगड्यांची माळ खळखळली. बिचाऱ्याचं चुकलं तरी काय होतं? सण तोंडावर आला म्हणून तो राणीसाहेबांना बांगड्या भरायला वाड्यावर आला होता. भरताभरता एक हिरवी बांगडी कट्‌कन गेली, आणि सगळे कासार म्हणतात तेच तोही म्हणाला, “एक वाढली, राणीसाहेब. दुसरी भरतो.”

पण वाकणगडच्या राजांच्या डोक्यात अलीकडे सरळ बोलण्याचं खूळ शिरलं होतं, आणि त्यांच्या डोक्यात शिरलेलं खूळ सहजासहजी बाहेर पडत नसे!

“वाढली म्हणजे एकीच्या दोन झाल्या. इथं तर तुकडे पडलेत! माझ्याच वाड्यात खोटं बोलतोस? दिवस मावळायच्या आत वाढलेली बांगडी आणून दे. नाही तर बायकापोरांना घेऊन गड उतर!”

रखमाजीच्या तोंडचं पाणी पळालं. बापजाद्यांचं घर, दुकान, सगळं याच गडावर. म्हातारपणी जायचं तरी कुठं? त्याच्या मागं टोपली धरून त्याची सून चिमा उभी होती. सासऱ्याचे भरून आलेले डोळे तिला बघवेनात. ती पदर सावरून पुढं आली.

“महाराज, मामंजींचं चुकलं. पण मग खरा शब्द कुठला, तो तरी सांगा.”

“फुटली! बांगडी फुटली! त्यात अवघड काय आहे?”

राणीसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. “अहो, असं काय बोलता—”

“तुम्ही मध्ये पडू नका!”

चिमानं मान डोलावली. “खरंच सोपा आहे की! पण महाराज, हा शब्द आम्हालाच कळून काय उपयोग? अख्ख्या गडालाच वळण लागायला हवं. हुकूम असेल, तर दवंडीवाल्याला घेऊन मीच सांगून येते.”

राजे खुलले. आपलं म्हणणं इतक्या चटकन कुणाला पटल्याचं त्यांना आठवत नव्हतं. “जा! जसं घडलं तसं सांग. पदरचं एक अक्षर घालू नकोस!”

“एकही नाही, महाराज!”

राजे जरा आडवे झाले आणि घोरू लागले. इकडे चौकाचौकांत ढोलकं वाजलं, “ऐका हो ऐका! राजांच्या हुकमावरून कळवण्यात येतं, की राणीसाहेबांची बांगडी फुटली होऽऽ!”

झालं! पहिल्या चौकात बायकांनी तोंडाला पदर लावले. दुसऱ्या चौकात दुकानांच्या फळ्या पडल्या. बाजारपेठ संपेपर्यंत एका बांगडीच्या सगळ्या बांगड्या झाल्या होत्या. “काल तर धडधाकट होते हो!” असं म्हणत माणसं वाड्याकडं धावली.

राजांना जाग आली ती भुकेनं. जेवणाची वेळ टळून गेली तरी ताटाचा पत्ता नव्हता. ते तरातरा मुदपाकखान्यात गेले. चुली विझलेल्या, आणि आचारी भिंतीला टेकून रडत बसलेला.

“अरे, स्वयंपाक कुठाय?”

“असल्या दिवशी कुणी चूल पेटवतं का हो?” म्हणून आचाऱ्यानं मान वर केली, आणि “भूत! भूत!” करत तो मागच्या दारानं पळाला.

राजे चौकात आले. बघतात तर काय, न्हावी वस्तरे परजत बसलेले, कोतवालसाहेबांची अर्धी मिशी उतरलेली! आणि सदरेवर? सदरेवर राजांचे चुलतभाऊ आपाजीराव डोळ्यांना उपरणं लावून हुंदके देत होते. हुंदके देतादेता गादीवर बसून ती कितपत मऊ आहे, तेही बघत होते!

“आपाजीराव!”

आपाजीराव टुणकन उठले. “दादा? तुम्ही... तुम्ही जिवंत? अरेरे! म्हणजे... वा वा!”

राजांचं डोकं भणभणलं. “त्या कासाराच्या सुनेला आणा!”

चिमा तिथंच होती. तिच्या शेजारी रखमाजी हात जोडून उभा होता.

“काय गं, मी मेलो असं गावभर सांगितलंस?”

“मी? छे, महाराज! दवंडीवाल्याला विचारा. मरणाचं एक अक्षर निघालं असेल, तर आम्ही आत्ता गड उतरतो.”

दवंडीवाल्यानं कान धरून शपथ घेतली. “नाही सरकार! ‘बांगडी फुटली’, एवढंच म्हटलं. तुमचाच शब्द!”

“मग या एवढ्या लोकांनी ते ऐकलं कुठून?”

चिमा हसली. “महाराज, कासार ‘वाढली’ म्हणतो, तेव्हा हे लोक ‘फुटली’ ऐकतात. आणि तुम्ही ‘फुटली’ म्हणालात, तेव्हा त्यांनी हे ऐकलं. कान तेच आहेत, महाराज!”

राजांनी कोतवालाच्या अर्ध्या मिशीकडं पाहिलं, गादीवर पडलेल्या खळगीकडं पाहिलं, आणि दाराआड डोळे पुसणाऱ्या राणीसाहेबांकडं पाहिलं. राणीसाहेब म्हणाल्या, “माझी बांगडी वाढलीच होती. हे कासार माझं कुंकू सांभाळून बोलले हो!”

आणि राजे हसले. असे हसले, की पोट धरून पायरीवरच बसले! “हरलो बाई! रखमाजी, गड तू कशाला उतरतोस? तुझ्या दुकानाला वाड्याच्या दरवाजाशी जागा दिली. आणि या चिमाला भरजरी लुगडं द्या. पण आधी चूल पेटवा रे कुणीतरी!”

एवढ्या गडबडीत आपाजीराव उपरणं झटकत, भिंतीच्या कडेकडेनं दरवाजाकडं सरकत होते. राजांची नजर पडताच ते ओशाळून म्हणाले, “बरंय दादा, येतो मी.”

“छे, छे, आपाजीराव!” राजे म्हणाले. “तुम्ही खुशाल ‘जातो’ म्हणा!”