सटवाजी राक्षसाचं नाव

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात मोबाइलवरचे खेळ बनवणारी इंदुमती नावाची बाई राहायची. तिच्या नव्या खेळात एक अक्राळविक्राळ राक्षस होता, अख्खी नदी एका घोटात गिळणारा. सगळं तयार होतं, फक्त राक्षसाला नाव नव्हतं.

त्याच सकाळी सटवाजी पाटकऱ्याने, म्हणजे शेताशेताला पाळीने पाणी देणाऱ्या म्हाताऱ्याने, वेळ संपताच तिच्या मळ्याचं पाणी तोडून शेजारणीच्या वावरात वळवलं. इंदुमतीने घटकाभर जास्त मागितलं. तो म्हणाला, "पाळी म्हणजे पाळी, ताई." ती तणतणत घरी आली आणि तिने राक्षसाचं नाव ठेवलं सटवाजी.

खेळ असा गाजला की विचारू नका! पंचक्रोशीतली पोरं 'सटवाजीला ठेचा' म्हणत नाचू लागली. नावाचं कुणी विचारलं, की इंदुमती ठोकून द्यायची, जुन्या पोथीतला राक्षस आहे. वर्तमानपत्रांनी तेच छापलं. पाटावर जाऊन विचारायचे कष्ट एकानेही घेतले नाहीत.

गावची रीत अशी, की पाणी सोडण्याआधी पाटकऱ्याने स्वतःचं नाव घेऊन हाळी द्यायची, म्हणजे पाटात उतरलेलं माणूस बाहेर पडतं. पण आता हाळी ऐकली की पोरं ढेकळं मारायची. सटवाजीने हाळी बंद केली. काठाकाठाने नजर टाकायचा आणि मुकाट्याने पाणी सोडायचा.

एके दिवशी इंदुमती तुंबलेलं गवत काढायला पाटावरच्या मोरीखाली, म्हणजे छोट्या पुलाखाली शिरली. काठावरून ती दिसली नाही. लोंढा आला आणि तिला घेऊन निघाला! किंकाळी ऐकून सटवाजी धावला, दंडाला धरून त्याने तिला वर ओढलं.

"हाळी का नाही दिलीत, काका?" ती धापा टाकत म्हणाली.

"कुणाच्या नावानं देऊ, ताई? माझं तर तुमच्या राक्षसानं नेलं."

दुसऱ्याच दिवशी जत्रेत खेळाला मानाचं बक्षीस मिळणार होतं. मैदान फुलून गेलं होतं. पाहुण्यांनी कौतुकाने विचारलं, एवढं झकास नाव सापडलं कुठे? पोथीची थाप जिभेवर तयार होती. इंदुमतीने गर्दीत मागे उभ्या सटवाजीकडे पाहिलं आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं.

"दुसरीच्या वाटणीचं पाणी मागितलं मी," ती म्हणाली. "तेव्हा आजपासून राक्षसाचं नाव इंदुमती."

पोथीची थाप उघडी पडली, तसं बक्षीस तिथेच हुकलं. 'इंदुमतीला ठेचा' करत पोरं घरापर्यंत मागे आली, ते तिने सोसलं.

सकाळी पाटावर खणखणीत हाळी घुमली, "सटवाजी पाणी सोडतोय होऽऽ!" पाटातून सगळ्यांत आधी उडी मारून बाहेर आली, ती इंदुमती.

तात्पर्य: रागाच्या भरात कुणाच्या नावाला काळं फासू नये, आणि फासलंच, तर चारचौघांत आपल्याच हाताने पुसावं.