सिद्राम मास्तरांची गाऱ्याची शाळा

मंगळवार. कार्तिक महिना, सकाळचे पावणेअकरा. कुसळगव्हाणच्या मारुतीच्या देवळाचा सभामंडप. पहिली ते चौथी मिळून एकेचाळीस मुलं, एक फळा, एक मास्तर. हौसा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं आपली दगडी पाटी दिगू नावाच्या मुलाच्या कपाळावर फेकून मारली.

या गोष्टीला इतकी वर्षं लोटली की त्या मंडपात बसलेलं आज कुणी उरलेलं नाही. तेव्हा गावात मोटार आली नव्हती, आणि तालुक्याला जायचं तर पहाटेच भाकरी बांधून निघावं लागे. पण तो वार आणि ती वेळ कुसळगव्हाणात आजही शेंबडं पोर सांगेल. त्याच वेळेला सिद्राम मास्तरांचा हात वर गेला होता, आणि तो हात खाली आलाच नाही, असं म्हणतात.

सिद्राम मास्तर म्हणजे मल्लाप्पा भिंतवाल्याचा मुलगा. मल्लाप्पा गावोगाव मातीच्या भिंती घालायचा. मातीत भुसा आणि शेण घालून, पाणी सोडून, पायांनी तुडवून जो चिखल होतो त्याला गारा म्हणतात, आणि मल्लाप्पाच्या गाऱ्याची भिंत तीन पिढ्या हलत नसे. पण सिद्राम शिकला आणि मास्तर झाला. पांढरं धोतर नेसू लागला. दहा वर्षांत त्यानं पायाला चिखल लागू दिला नव्हता. शिकवायचा चांगला. हात मात्र वाईट होता. निरगुडीचा फोक उठला की मुलांच्या पाठीवर वळ उठल्याशिवाय खाली बसत नसे, आणि आईबाप वर म्हणत, "मारा मास्तर, हाडं आमची, कातडं तुमचं."

त्या दिवशी दिगूच्या कपाळातून रक्त आलं आणि मास्तरांचा फोक उठला. हौसा पळाली नाही. पाठ पुढं करून उभी राहिली आणि म्हणाली, "मारा गुरुजी. आता घरी वळ बघायला कुनी न्हाई."

तिची आई तीन आठवड्यांमागं पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, साथीत गेली होती. मास्तरांना हे ठाऊक होतं. तीन आठवडे ते रोज तिचं नाव पुकारत होते, तिच्यापुढं 'हजर' मांडत होते, आणि एकदाही त्यांनी तिला जवळ बोलावलं नव्हतं. तिच्याजवळ कुणी बसत नाही, हेही त्यांना दिसत होतं. त्या सकाळी दिगू मोठ्यानं म्हणाला होता, "हिच्याजवळ बसू नका रे, हिची आई पटकीनं मेली," ते त्यांनी ऐकलं होतं आणि फळ्याकडं तोंड करून पुढचं गणित घातलं होतं.

हात वरच राहिला. सावली एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेली तरी तो वरच होता, असं म्हणतात. मग मास्तरांनी फोक टाकला आणि ते तरातरा बाहेर पडले. ओढ्याकाठी देवळाच्या मागच्या भिंतीसाठी गाऱ्याचा खड्डा काढलेला होता. चार दिवस भिजलेली माती होती. मास्तर धोतरासकट त्यात उतरले आणि तुडवू लागले. एकेचाळीस मुलं काठावर येऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही. मास्तरांच्या मानेच्या शिरा टरारल्या होत्या. पाय गुडघ्यापर्यंत जात होते आणि चपाक चपाक आवाज करीत वर येत होते. बऱ्याच वेळानं पाय आपोआप हळू झाले, आणि त्यांना बाप आठवला.

कामावर गड्यांची भांडणं लागली की मल्लाप्पा निवाडा करीत बसत नसे. "आधी गारा मळ," म्हणायचा, "मग सांग काय ते." आणि मळून वर आलेल्या गड्याला पुष्कळदा सांगायचं काही उरलेलंच नसे.

दुपारी पारावर पंच बसले. दिगूचा आजा नागोराव आबा हा गावचा मोठा माणूस. देवळाची किल्ली त्याच्याकडं.

"मास्तर, पोराचं कपाळ फुटलं. पोरीचं नाव काढा."

"पोरगा काय बोलला ते विचारलंत का, आबा?"

"पोरं बोलत्यात काय बी. बोलण्यानं टाकं घालावं लागत न्हाईत."

"तीन आठवडे तिच्या शेजारी कुणी बसलेलं नाही. त्याला टाका कुठं घालू?"

आबा तापला. "देऊळ आमचं हाय, मास्तर."

"आणि पट माझा आहे. नाव राहील. शाळा हलवतो."

दुसऱ्या दिवशी फळा ओढ्याकाठच्या बाभळीला टेकला. एकेचाळीसपैकी एकोणीस मुलं आली. त्यांत कपाळाला फडकं बांधलेला दिगू होता. आजा मागून ओरडत असताना तो धावत आला होता. गुरुजी खड्ड्यात कसे उतरतात ते त्याला पुन्हा बघायचं होतं, असं म्हणतात. कारण काही असो, आला.

मास्तरांनी बाभळीखाली नियम सांगितला. ज्याला राग येईल त्यानं बोट वर करायचं, उठायचं आणि खड्ड्यात जायचं. कुणी कारण विचारायचं नाही. राग उतरला की पाय धुऊन आपल्या जागेवर येऊन बसायचं. मास्तरांना आला तर मास्तरही जातील.

मुलं ती मुलंच. पहिल्याच आठवड्यात एकानं बोट वर केलं.

"गुरुजी, लई राग आलाय."

"कुणाचा?" मास्तर आपलाच नियम विसरले.

"तेराच्या पाढ्याचा."

"जा. तेरा फेऱ्या मार. मोठ्यानं म्हणत मार."

कुसळगव्हाणच्या माणसांचा तेराचा पाढा आजही पक्का असतो.

मळलेला गारा वाया घालवायचा नाही, ही मल्लाप्पाची शिकवण होती. मास्तरांनी बाभळीपाशी दोरी धरली आणि शाळेच्या भिंतीचा पहिला थर घातला. तो वाळला की दुसरा. त्या हिवाळ्यात मुलांना किती राग आला याची मोजदाद कुणी केली नाही, पण माघ लागेपर्यंत भिंत छातीइतकी झाली. बापानं मारलं म्हणून, भावाला दूध जास्त दिलं म्हणून, दप्तर फाटलं म्हणून, काही कारण नसताना, असा सगळा राग त्या भिंतीत गेला. आणि वर्गात एकाही मुलाच्या अंगावर हात पडला नाही.

हौसा मात्र खड्ड्याकडं फिरकत नव्हती. ती रोज यायची, लांब बसायची, विचारलं तर उत्तर द्यायची. बाकी गप्प. मास्तरांना वाटलं, सगळ्या मुलांचं हलकं झालं, हिचं का राहावं? आणि भिंत कमरेइतकी झाली होती तेव्हाच्या एका सकाळी त्यांनी फर्मावलं, "हौसा, आज तू उतर."

मास्तर चुकले. आणि चूक लपवायची नाही म्हणून कुसळगव्हाणची माणसं गोष्टीतला हा भाग कधी गाळत नाहीत.

हौसा उतरली आणि थांबलीच नाही. मधली सुट्टी झाली, ती तुडवत होती. शाळा सुटली, मुलं घरी गेली, ती तुडवत होती. मास्तर काठावरून "पुरे, बाळ, पुरे" म्हणत होते. तिला ऐकू येत नव्हतं. भुशातल्या काडानं तिची पावलं चिरली आणि गारा लाल झाला. त्या दिवशीच्या थराची लाल रेघ भिंतीत कमरेच्या उंचीवर दिसते, असं म्हणतात. दिवस कलला तरी ती थांबेना, तेव्हा मास्तरांच्या ध्यानात आलं. हा राग नव्हता. आणि असला तरी एकट्यानं तुडवायचा नव्हता.

बाप कधी कधी जोडीनं तुडवायचा. खड्डा खोल असला की दोघं उतरायचे, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायचे आणि पाऊल जुळवायचे. मास्तर उतरले. तिचा हात त्यांच्या खांद्यापर्यंत पोचेना, म्हणून गुडघ्यांत वाकले. तिच्या पावलाबरोबर पाऊल टाकू लागले. किती तरी वेळ नुसता चिखलाचा आवाज येत होता.

मग हौसा म्हणाली, "आई पानी मागत हुती."

मास्तरांनी पाऊल चुकू दिलं नाही.

"समदे म्हनले, पटकीच्या मानसाला पानी द्यायचं न्हाई. आन् ती मागत हुती, गुरुजी. मी तांब्या लपवून ठिवला."

आता मास्तरांचं पाऊल थांबलं. कारण उकळून गार केलेलं पाणी रोग्याला पुन्हा पुन्हा पाजावं, असं आरोग्य खात्याच्या पत्रकात छापलेलं होतं, आणि ते पत्रक भाद्रपदापासून मास्तरांच्याच पेटीत घडी घालून पडलेलं होतं. पाणी बंद करायचं पारावर ठरलं तेव्हा मास्तर तिथं बसलेले होते. मोठ्या माणसांपुढं कशाला बोला, म्हणून त्यांनी मान डोलावली होती. त्या महिन्यात गावातली सतरा माणसं गेली.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, रडू नको, देवाची मर्जी. मास्तर म्हणाले, "हौसा, पाणी द्यायला पाहिजे होतं. मला माहीत होतं. मी बोललो नाही. तांब्या मी लपवला, तू नाही."

हौसानं त्यांच्याकडं बघितलं. आणि मग तिनं त्यांना मारलं. चिखलानं भरलेल्या मुठींनी छातीवर, पोटावर, जिथं हात पोचेल तिथं मारलं. ज्या हाताला सगळं गाव भीत होतं तो हात मास्तरांनी बाजूला सोडून दिला होता. ते नुसते उभे राहिले. मारता मारता ती रडू लागली. आई गेल्यावर पहिल्यांदा रडली, आणि असं रडली की ओढ्याचं पाणी वीतभर चढलं, असं म्हणतात. मास्तरांनी तिला उचलून काठावर बसवलं, पाय धुतले, चिरलेल्या पावलांना हळद लावली, आणि आधी पाणी प्यायला दिलं. तिनं अख्खा तांब्या संपवला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी ते पत्रक पारावर उभं राहून मोठ्यानं वाचलं. आपल्या पेटीत ते किती दिवस होतं, हेही सांगितलं. सतरा घरांची माणसं समोर होती. कुणी दगड उचलला, कुणी डोक्याला हात लावून मटकन बसलं. नागोराव आबा उठून गेला.

पण वर्गात त्या दिवशी दिगू आपली पाटी घेऊन उठला आणि हौसाच्या शेजारी जाऊन बसला.

"पाटी फेकनार न्हाईस न्हवं?" त्यानं विचारलं.

"बघू," हौसा म्हणाली.

त्यानं थोडं अंतर ठेवलं, पण उठला नाही.

चैत्रात माळवद चढलं, म्हणजे सपाट मातीचं छप्पर झालं, आणि मुलं सावलीत आली. पुढच्या भाद्रपदात ओढा कधी आला नव्हता असा आला. गावातली निम्मी घरं विरघळली. देवळाची मागची भिंत गेली. शाळेपाशी पाणी आलं, भिंतीला टेकलं, घटकाभर थांबलं आणि वळून गेलं, असं म्हणतात. साठ माणसं आणि अकरा शेळ्या त्या माळवदावर दोन दिवस होत्या. नागोराव आबाला दिगूनं आणि हौसानं दोन्ही बाजूंनी धरून वर चढवलं. पाणी उतरल्यावर म्हातारा खाली आला, धोतर खोचलं आणि खड्ड्यात उतरला. किती फेऱ्या मारल्या, कुणी मोजल्या नाहीत. कशासाठी, हेही कुणी विचारलं नाही. शाळेचा नियमच तसा होता.

हौसा चौथी पास झाली. कुसळगव्हाणातली ती पहिली मुलगी. तिचं नाव पटावर शेवटपर्यंत राहिलं. पुढं गावात कुणी आजारी पडलं की पहिला तांब्या तिच्या घरून यायचा.

आज शाळा पक्की आहे, पण ती जुनी भिंत गावानं पाडू दिली नाही. तिला कान लावला की आत पावलं ऐकू येतात, असं म्हणतात. दरवर्षी दिवाळीची सुट्टी संपली की पहिल्या दिवशी गारा भिजवतात. नवा शिक्षक बदलून आला असेल तर तो आधी उतरतो, मग मुलं, आणि सगळी मिळून भिंत लिंपतात. खड्ड्यातून वर येणाऱ्याला पाणी विचारायचं, हा गावाचा रिवाज आहे. गावातली म्हातारी माणसं नव्या शिक्षकाच्या पायांवर पाणी घालतात आणि म्हणतात, "सिद्राम मास्तरांचं देनं हाय हे." वर्षाच्या अधल्यामधल्या दिवशीही एखादं पोर बोट वर करून म्हणतं, "बाई, मी खड्ड्यात जाऊन येतो," आणि बाई शिकवणं न थांबवता मान हलवतात. एखादं पोर फार वेळ वर आलं नाही, तर बाई पुस्तक मिटतात, चपला काढतात आणि जातात.

स्वतः मास्तर मात्र गावात राहिले नाहीत. पुरानंतर दोन महिन्यांनी त्यांच्या बदलीचा हुकूम आला. चोवीस तासांत गाव सोडा, असं त्यात होतं. तक्रार आपण केली नाही, असं नागोराव आबानं मारुतीच्या पायावर हात ठेवून सांगितलं, आणि गावानं त्यावर विश्वास ठेवला. मास्तर ओल्या वाटेनं निघाले, त्यांची पावलं वाळली आणि तीन उन्हाळे तशीच राहिली, असं म्हणतात. ते पुढं कुठल्या शाळेवर हजर झाले, याची नोंद कुठल्याही शाळेत सापडत नाही. मास्तरांना परत पाठवा, म्हणून गावानं चार वेळा अर्ज केला. चारही अर्जांची पोच आली.

हुकूम शाळेच्या ट्रंकेत आहे. त्यावर शिक्का आहे, सही आहे. 'बदलीचे कारण' या शब्दांपुढं एक रेघ आखलेली आहे. रेघेवर काहीही लिहिलेलं नाही.