भात्याचं कातडं

एकदा एका गावात कातडी कमावणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. सारा गाव त्यांना आबा म्हणे. त्यांनी कमावलेलं कातडं एकदा हातात घेतलं की परत द्यावंसं वाटत नसे. त्यांच्यापाशी गेनू नावाचा तरुण शिष्य होता. हुशार, कष्टाळू, आणि हे त्याला स्वतःलाही पुरतं ठाऊक होतं!

त्या उन्हाळ्यात यमाजी लोहाराचा भाता फाटला. भट्टीला वारा घालणारी ही कातडी पिशवी मऊ नसेल तर मिटत नाही, आणि मिटली नाही तर विस्तव फुलत नाही. पेरण्या तोंडावर आलेल्या, गावभरच्या फाळांना धार लावायची राहिलेली. लोहार आबांकडे आला, तेव्हा गेनू चारचौघांत बोलून गेला, "यमाजीदादा, कातडं मी देतो. आबांचा हातसुद्धा लागू देणार नाही."

आबा हसले. "बरं बाबा, तूच कर."

गेनूने बकऱ्याचं कातडं चुन्यात घातलं, बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवलं. अगदी मन लावून केलं, यात शंका नाही. मग ते ओलं असतानाच रस्त्याकडच्या भिंतीवर खिळे मारून ताणून बसवलं. येणारे-जाणारे थांबत, "वा रे पठ्ठ्या!" म्हणत. सुरकुती पडेल म्हणून गेनू स्वतःही त्याला बोट लावीना. आता इतक्या कौतुकाने कोणाची छाती फुगणार नाही, सांगा!

वाळल्यावर लोहाराने ते दुमडून पाहिलं, तर कातडं करकरलं. "अरे, याचा भाता कसला होतोय? याचं मी घराला दार लावतो!" तो वैतागून म्हणाला. "उद्या सांजेपर्यंत थांबतो. नाहीतर शहरातून आणतो."

गेनूचं तोंड एवढंसं झालं. दिला शब्द जाणार, आणि त्याच्यासोबत आबांच्या घराचं नावही. त्याने घाईघाईने तेल चोपडलं. कातडं चकाकलं, पण वाकेना.

"आबा, हे पुरून टाकतो मी," तो रडवेला होऊन म्हणाला.

आबांनी कातडं उचललं आणि सरळ पाण्याच्या हौदात बुडवलं.

"अहो आबा! वाळवताना किती जपलं होतं मी!"

"फार जपलंस, खरं आहे," आबा म्हणाले आणि निजायला गेले.

सकाळी त्यांनी अंगणात बोथट कडेची एक फळी रोवली. "आता ओढ या कडेवरून. उभं, आडवं. पुरतं वाळेपर्यंत थांबायचं नाही." आणि स्वतः हात मागे बांधून बसले.

गेनू ओढू लागला. कालचीच माणसं आज म्हणाली, "काय रे, सगळी कळा घालवलीस की!" तो खाली मान घालून ओढत राहिला. खांदे भरून आले, तळहात सोलले. ऊन कलता कलता कातडं वाळलं, आणि त्याच्या मांडीवर धोतरासारखं पडून राहिलं. गेनू बघतच राहिला.

आबा म्हणाले, "लेका, वाळताना कातड्याच्या आतले तंतू एकमेकांना चिकटू पाहतात. तेव्हा हात फिरता असला तर ते मोकळे राहतात. तुझं कमावणं चोख होतं, म्हणूनच ते आज सुधारलं. पण ऐन वाळायच्या वेळी तू ते हातातून सोडलंस आणि लोकांपुढे टांगलंस. अभिमान जरूर धर. फक्त काम पुरं होईस्तोवर हात काढू नकोस."

सांजेला भाता शिवून झाला. लोहाराच्या भट्टीमागे काजळीने माखलेल्या कोपऱ्यात गेनूचं कातडं आता कोणालाही दिसणार नव्हतं. यमाजीने भाता दाबला. तो अलगद मिटला, पुन्हा फुलला, आणि निखारे लालभडक झाले.

"आबा, खरं सांगा, शेवटी हात तुमचाच ना?" लोहाराने विचारलं.

सोललेले तळहात दिसतील असे आबांनी गेनूचे दोन्ही हात वर धरले. "हे बघ कोणाचे ते," ते म्हणाले.

आपण केलेलं काम भिंतीवर टांगण्याआधी एकदा आपले तळहात पाहावेत.