आरतीचं तिसरं कडवं

“डिस्क बिघडली, सोसायटीचे सगळे फोटो गेले, आणि आता तृप्तीला...” जिन्यात एवढंच कानावर पडलं. मग मला घरात कुठलं बसवतंय! गेले सोसायटीच्या ऑफिसात.

सोसायटीचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या तृप्तीवर अध्यक्ष घैसास गरजत होते, “डिस्कला एक फोटो वाचता येत नाही! फेक ती, आणि तूही उद्यापासून येऊ नकोस!”

“काका, चार डिस्क मिळून फोटो सांभाळतात. एक अडली, की बाकीच्या तिघींकडून तेवढा भाग जुळवून तिच्यावर पुन्हा लिहिला जातो. हा बघा, दिसतोय फोटो.”

“ते काही नाही! चुकली की बाहेर!”

“गणपतीत माईक धरून तुम्ही आरतीचं तिसरं कडवं विसरलात. आम्ही सगळ्यांनी म्हटलं, तसे तुम्ही पुन्हा सुरू झालात. तेव्हा तुम्हाला मांडवाबाहेर काढलं का?”

मी पदर तोंडाला लावला. घैसास जरा नरमले. “आणि सारखीच चुकायला लागली तर?”

“मग लगेच बदलू, काका. सात वर्षं दर गणपतीत तेच कडवं विसरायची सवलत फक्त तुम्हाला!”

तर डिस्क अडली होती, एवढं खरं निघालं. बाकी फोटो जागेवर आहेत आणि तृप्तीही.