सोनपट्टीचं कूळ

फार मागे, कुऱ्हाडीचा आवाज रानाने अजून ऐकला नव्हता तेव्हा, एक भलीमोठी सावर उन्मळून पडली. तिच्या ओल्या सालीखाली अंडी घालायला एकच झुंबड उडाली. भांडणं नकोत म्हणून म्हातारा शिंगभुंगा खोडावर बसला. ज्याने त्याने आधी आपलं कूळ सांगायचं, मगच आत शिरायचं.

सोनपट्टी माशीचा जीव खालीवर होत होता. तिला अंडी आजच घालायची होती.

"अंगावर पिवळे पट्टे? मग गांधीलमाश्यांत जा," भुंगा म्हणाला.

गांधीलमाश्यांनी तिचे पंख मोजले. "आम्हाला चार, तुला दोनच. आणि नांगी कुठंय? चल, नीघ!"

ती घरमाश्यांकडे धावली. "अगं बाई, एवढी लांबोडकी आमच्यात कधी कुणी झाली नाही," त्या म्हणाल्या.

ऊन चढलं. साल कडेने तडकू लागली. सोनपट्टी धापा टाकत परतली. "आजोबा, कुठलंही कूळ द्या, पण आत सोडा."

"असं कसं? नीट विचार करायला हवा. उद्या ये."

"उद्या साल वाळून जाईल. तुम्ही करा सावकाश विचार," असं म्हणून तिने तिथेच एका फटीत अंडी घातली आणि ती उडून गेली.

भुंगा कितीतरी दिवस विचार करत राहिला. शेवटी त्याने साल उचकटली. आत गुबगुबीत अळ्या लाकूड कुरतडत होत्या.

"कोण गं तुम्ही?"

"आम्ही? आम्ही इथल्याच," अळ्या म्हणाल्या आणि पुन्हा खायला लागल्या.